शेट्येबाईंचा रकाना

शेट्येबाईंना कुणी काही सांगायला गेलं की त्या आधी सगळं ऐकून घेत, मग चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढत आणि त्याच्या वरून बघत विचारत, "कोणी सांगितलान तुला?" समोर शिपाई असो, भाजीवाली असो, नाहीतर दिल्लीहून आलेला बडा साहेब असो, प्रश्न तोच आणि सूरही तोच. साहेबाला फार तर "तुला"च्या जागी "तुम्हाला" मिळायचं. बाई राजापूरच्या. संख्याशास्त्र शिकायला मुंबईला गेल्या, सरकारी नोकरीत अर्धा महाराष्ट्र फिरल्या, सभेत अगदी छापल्यासारखं बोलायच्या. पण हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत राजापूरचाच राहिला.

कचेरीत त्यावरून त्यांची चेष्टा चालायची. "बाई, आज सोमवार आहे म्हणतात," असं कुणीतरी मुद्दाम म्हणायचं. बाई हसायच्या नाहीत. "कॅलेंडरान सांगितलान ना? मग धर सोमवार," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दिल्लीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की संगणकाला माणसासारखा विचार करायला शिकवावं आणि गुप्त बातम्यांची छाननी त्याच्याकडून करून घ्यावी. निरनिराळी खाती आपापल्या कोपऱ्यात असले प्रयोग करत बसली होती, याचा त्याला आधी पत्ता नव्हता, तो मागून लागला. म्हणून सगळ्यांची मोट बांधायला एक समन्वय समिती नेमली गेली. समितीला प्रयोगासाठी एक किनारा हवा होता, आणि तो आमच्या नशिबी आला. त्या काळात आपल्या किनाऱ्यावर चोरून सोनं उतरायचं, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तीन सरकारी खाती त्यावर नजर ठेवून होती. त्यांची नावं मी घेत नाही. तिन्ही खात्यांच्या बातम्या एका यंत्रात घालायच्या आणि कुठल्या होडीवर लक्ष ठेवायचं ते यंत्रानं सांगायचं, अशी योजना. जेल रोडला एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, दारावर 'विशेष अभ्यास कक्ष' अशी पाटी ठोकली, की झालं.

यंत्राला विचार करायला शिकवायचं काम शेट्येबाईंचं. त्या कागदावर 'जर असं असेल तर असं समज' असे नियम लिहायच्या आणि मी ते आत टाकायची. मी मूळची सावर्ड्याची, टंकलेखनाच्या परीक्षा पास होऊन लागलेली. यंत्राच्या खोलीत गारवा, आणि आम्हाला छताचा पंखा, तोही वीज असली तर. बाई त्या गार खोलीत कधी बसल्या नाहीत. "त्याला गार हवा नि गोड बातमी, दोन्ही लागतात. माणूस असता तर बढती मिळवून दिल्लीला गेला असता," असं त्या यंत्राबद्दल म्हणायच्या.

उंच बाई, चालणं तरतरीत, हातात बाराही महिने छत्री, पायात जाड पुरुषी चपला. बोलणं फटकळ. आणि नम्रपणाचं तर नावच नको. "मी हुशार आहे, हे मला कोणी सांगायला नको," असं भर सभेत म्हणालेल्या मी ऐकलंय. जेवायच्या सुट्टीत माझ्या डब्यातला तळलेला बांगडा आधी उचलायच्या, अर्धा खाऊन झाल्यावर "कोणी केलान?" म्हणून विचारायच्या, आणि मी केला म्हटलं की "मीठ कमी पडलाय" म्हणून उरलेला अर्धाही संपवायच्या. मला राग यायचा. पण एखाद्या दिवशी त्यांनी डब्याकडे बघितलं नाही की घरी जाऊन मी स्वतःच चव घेऊन बघायची, आज काय बिघडलं होतं म्हणून.

त्या वर्षी एक दिवस हेडक्लार्क मोरे धावत वर आले. "बाई, तुमच्या राजापूरला गंगा आली." आमच्याकडच्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगते. राजापूरजवळ डोंगरावर काही कुंडं आहेत. ती दोन-तीन वर्षं कोरडी असतात आणि मग एकदम पाण्यानं भरतात. कधी भरतील ते कुणालाच सांगता येत नाही. भरली की गंगा आली, आणि मग तिथे स्नानाला ही गर्दी. मोऱ्यांच्या मागोमाग शिपाई आला, त्याच्याकडेही तीच बातमी. खालच्या घरमालकीणबाई वर आल्या, त्यांच्याकडेही तीच. निम्म्या कचेरीनं रजेचे अर्ज खरडायला घेतले.

बाईंनी चष्मा खाली ओढला. मोऱ्यांनी बातमी एसटी स्टँडवर चहा पिताना ऐकली होती. कोणाकडून? राजापूर गाडीच्या कंडक्टरकडून. शिपायाला त्याच्या मेव्हण्यानं सांगितलं, तो त्याच गाडीनं आला होता. मालकीणबाईंना दूधवाल्यानं, आणि दूधवाला त्याच कंडक्टरचा शेजारी. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या, "म्हणजे तीन नाहीत. कंडक्टर एकटाच बोलतोय, तुम्ही सगळे त्याचे भोंगे. एकच धर." मोरे हिरमुसले. गेले मात्र, रजा घेऊन, सहकुटुंब. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आले. कुंडात पालापाचोळा होता. कंडक्टरलाही कुठल्याशा प्रवाशानं सांगितलं होतं म्हणे.

तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि यंत्रासाठी एक नवा नियम लिहिला: एकाच तोंडून निघालेली बातमी कितीही वाटांनी आली, तरी ती एकच धर. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सुमन, हे त्याला नीट शिकव. बाकी सगळं विसरला तरी चालेल, एवढं विसरता नये."

पण यंत्राला हे कळायचं कसं? त्यासाठी बातमी देताना खात्यांनी सांगायला हवं की ही आमच्या माणसानं स्वतः पाहिली की ऐकली, आणि ऐकली असेल तर कोणाकडून. बाईंना बातमीच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना हवा होता. एकच. त्या एका रकान्यापायी पुढचं सगळं रामायण घडलं, म्हणून मी एवढी घोळवून सांगतेय.

मे महिन्यात समिती रत्नागिरीला आली. मेमध्येच का, ते रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगायला नको. सरकारी विश्रामगृहात बैठक ठेवली. समितीचे मुख्य म्हणजे आमच्या कक्षाचे दिल्लीतले साहेब. त्यांचं नाव मी लिहिणार नाही; का नाही ते शेवटी सांगते. गोरेपान, मराठी चांगलं बोलणारे, सदा हसतमुख. टेबलाच्या एका बाजूला तिन्ही खात्यांचे अधिकारी बसले होते, तिघांत एकेक खुर्ची मोकळी ठेवून. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला होते.

बाईंनी रकान्याचा विषय काढला. पहिल्या खात्याचे अधिकारी म्हणाले, "आमचा माणूस कोण, हे आम्ही यांना सांगायचं?" आणि दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवलं. दुसरे म्हणाले, "आमचा तर या दोघांना कळला तर दुसऱ्या दिवशी निकामी होईल." तिसऱ्यांनी फाईल मिटून पोटाशी धरली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला नाव नकोच आहे. नाव तुमच्यापाशी ठेवा, उशाशी घेऊन झोपा. मला एवढंच कळू दे की तुम्हा तिघांकडे बातमी आली, ती तीन माणसांची आहे की एकाच माणसाची. एक की तीन. बास."

साहेब हसले. "बाई, या क्षेत्रात उगम विचारत नाहीत. तो पवित्र असतो."

"गंगेचा उगमसुद्धा लोक जाऊन बघतात, साहेब."

तिसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यांना हसू फुटलं आणि त्यांनी ते रुमालात दाबलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं. त्यांनी निर्णय दिला. रकाना नको. रकाना नाही, म्हणजे बाईंच्या नियमाला खायला काहीच नाही, तेव्हा नियमही काढून टाका. त्याच्या जागी साहेबांनी स्वतः नियम सांगितला आणि मी तो लिहून घेतला: तिन्ही खात्यांकडून एकच बातमी आली तर ती खात्रीची समजावी. "समन्वय म्हणजे दुसरं काय?" असं म्हणून ते उठले. मग सुरमई झाली, सोलकढी झाली. संध्याकाळी सरकारी जीपमध्ये हापूसच्या पेट्या चढल्या. जीपवर नाव होतं राष्ट्रीय कामाचं आणि आत होते आंबे. मला तेव्हाही संताप आला होता. पण त्या दिवशीचा राग किरकोळ म्हणायची वेळ पुढे यायची होती.

पावसाळा संपून होड्या पुन्हा समुद्रावर जायला लागल्या आणि एके दिवशी यंत्रानं एक नाव वर काढलं. इस्माईल होडेकर, मिरकरवाडा, ट्रॉलरचा मालक. तिन्ही खात्यांची बातमी एकच होती: हा माणूस होडीत बर्फ न भरता समुद्रावर जातो.

मिरकरवाड्यात वाढलेल्या पोरालाही यातली मेख कळेल. ट्रॉलर दोन-चार दिवस बाहेर राहतो. बर्फ नसेल तर मासळी वाटेतच नासणार. मग बर्फाशिवाय जाणारा माणूस मासळीसाठी जात नसणार, हे उघड आहे. म्हणजे तो दुसरंच काही आणायला जात असणार. तर्क बिनचूक होता. तीन खाती, एकच बातमी, यंत्राचा निकाल: खात्रीचं. दिल्लीला कळवलं गेलं. दिल्लीला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या दिवसांत यंत्रानं दाखवण्यासारखं काही केलं नव्हतं, आता एकदम मोठा मासा हाती लागला.

बाईंनी निकाल वाचला आणि छत्री उचलली. मला म्हणाल्या, "पिशवी घे. मासळी आणायला जाऊ."

मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलाव ऐन रंगात आला होता. पाट्या ओतल्या जात होत्या, बायका भावावरून भांडत होत्या, कावळे वरून टपलेले. बाईंनी एक सौंदाळा उचलला, कल्ले उघडून बघितले, आणि सहज बोलावं तसं पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या, "बर्फ बरा दिसत नाही हल्लीचा."

तो होता पावसकर, तिथल्याच बर्फाच्या कारखान्याचा मुकादम. बाईंना ते ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पावसकरांचं तोंड सुटलं. "बर्फाला काय झालाय? बर्फ माझा एक नंबर. पण लोकांची नीयत फिरली त्याला मी काय करू? तो इस्माईल, इतकी वर्षं माझ्याकडून बर्फ न्यायचा. आता नेत नाय. बर्फाशिवाय समुद्रावर जातो. काय आणायला जातो, देव जाणे."

"तुम्ही बघितलात, बर्फाशिवाय जाताना?" बाईंनी विचारलं.

"बघायचा काय त्यात? माझ्याकडून नेत नाय, म्हणजे नेतच नाय."

"आणि हे कोणाकोणाला सांगितलात?"

"लपवायचा काय आहे? चहा प्यायला येतो त्या सगळ्यांना सांगतो. मागच्या आठवड्यात ते दोघे आलेले, त्याच्या आदल्या दिवशी तो एक आलेला, सफारी घातलेला. बसून ऐकलानी सगळा."

बाई तिथून सरळ पुढे चालू लागल्या. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला इस्माईल होडेकर जाळं सांधत बसला होता. पन्नाशीचा, गालफडं बसलेला, कानाला बिडी लावलेला. बाईंनी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "बर्फ नेतो की, बाई. नायतर मासळीला पंख्यान वारा घालू? पावसकराच्या बर्फात निम्मा पाणी यायला लागला, मग माझं नि त्याचं वाजलं. आता दुसऱ्या कारखान्यातून आणतो. टेम्पो पहाटेच येतो, लिलावाच्या आधी, म्हणून त्याला दिसत नाय." आणि तो बाईंना होडीवर घेऊन गेला. फळ्यांखालच्या कप्प्यात बर्फ होता. बाईंनी आत हात घालून बघितला.

म्हणजे काय झालं होतं, बघा. गिऱ्हाईक तुटलं म्हणून एक मुकादम चहाच्या बाकड्यावर कुरकुरला. ती कुरकुर तीन खात्यांच्या तीन माणसांनी ऐकली, आपापल्या साहेबाला गुपित म्हणून सांगितली, तिघांनी ती बंद पाकिटातून आमच्याकडे पाठवली, आणि पाकिटं तीन म्हणून यंत्रानं साक्षीदारही तीन धरले. यंत्राचा काय दोष? त्याला विचारायला शिकवलंच नव्हतं. ज्या बाईनं शिकवलं होतं, तिचं शिकवणं समितीनं पुसून टाकलं होतं.

बाईंनी त्याच दिवशी दिल्लीला टिपण पाठवलं: बातम्या तीन नाहीत, एकच आहे, आणि तीही चुकीची, मी स्वतः बर्फ पाहिला आहे. मग फोन लावला. रत्नागिरीहून दिल्लीला फोन लागणं म्हणजे तेव्हा एक व्रतच होतं. लागला तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, कारण साहेबांना ओरडून बोलायची सवय.

"बाई, तीन खात्यांचं पहिल्यांदाच एकमत झालंय," साहेब म्हणाले. "आता तुम्ही ते मोडू नका."

"साहेब, एकमत कसलं? तिघे एकाच बाकड्यावर बसले होते."

"वरपर्यंत अहवाल गेलाय. माणूस निर्दोष असला तर सुटेल ना. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. हे शब्द मी त्यांच्या तोंडचे ऐकले आहेत, म्हणून कुणाला विचारायची गरज नाही. त्या आठवड्यातच इस्माईलला घरातून नेलं. खटला नाही, आरोप सिद्ध करायचा नाही, नुसत्या संशयावर माणूस अडकवून ठेवता येतो, असा कायदा. त्याचा ट्रॉलर ओढून धक्क्याच्या बाजूला किनाऱ्यावर घेतला आणि सील ठोकलं. त्याची बायको जैनब रोज त्या होडीपाशी येऊन बसायची. कारण काय, तर नवऱ्याला कुठे ठेवलंय ते तिला कुणी सांगत नव्हतं, आणि होडी तरी डोळ्यांसमोर होती.

बाई त्या दिवसांत कुणाशी धड बोलत नव्हत्या. माझ्या डब्याकडे बघत नव्हत्या. एकदा एकदम म्हणाल्या, "सुमन, नियम माझा होता. माझ्या नियमाची जागा रिकामी केली नि तिथे हा माणूस नेऊन बसवलानी." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातली पेन्सिल मोडली.

अशा अडकवलेल्या माणसांची बाजू ऐकायला न्यायाधीशांचं एक मंडळ असतं. तिथे वकील चालत नव्हता, पण त्याच्या वतीनं एखादा माणूस बोलू शकत होता. बाईंनी किरकोळ रजा टाकली, रात्रीची एसटी पकडली आणि मुंबईला जाऊन त्या मंडळापुढे उभ्या राहिल्या. सरकारी नोकर, सरकारच्याच गुप्त कामाविरुद्ध. मोरे मला म्हणाले, "या बाईंचं काय डोकंबिकं फिरलंय?" मी म्हटलं, "तुमचं गंगेला जाताना फिरलं होतं तेवढं नाही."

तिथे काय झालं, ते इस्माईलनं नंतर मला सांगितलं. तो तिथे हजर होता, तेव्हा हे धरायला हरकत नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी बाईंना विचारलं, सरकारचा पगार घेता आणि सरकारविरुद्ध बोलता, हे कसं? बाई म्हणाल्या, "यंत्रही सरकारचंच आहे. त्याला चुकीचं शिकवलं गेलंय, ते दुरुस्त करायला आले आहे." मग त्यांनी बर्फाची हकिगत सांगितली. सगळं ऐकून अध्यक्ष म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

इस्माईल म्हणाला, "ताई, एवढा वेळ बाई दगडासारख्या उभ्या होत्या. ते विचारल्यावर पयल्यांदा हसल्या. म्हणाल्या, विचारलंत, बरं केलंत. यंत्राला एवढाच एक प्रश्न शिकवायचा होता मला."

इस्माईल सुटला. इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण सरकार ते. माणूस सोडायचा हुकूम आला, त्यात होडीचं नाव नव्हतं. इस्माईल पहिल्या खात्याकडे गेला. ते म्हणाले, सील दुसऱ्यांनी ठोकलंय. दुसरे म्हणाले, आम्ही फक्त हजर होतो, कागद तिसऱ्यांकडे. तिसरे म्हणाले, वरून लेखी आल्याशिवाय हात लावता येत नाही. पकडताना तिघे एका दिवसात एक झाले होते. सोडताना पुन्हा तीन. यालाच समन्वय म्हणतात की काय, मला माहीत नाही. मी त्या समन्वयाच्या कचेरीत नोकरीला होते, एवढंच मला माहीत आहे.

चैत्र-वैशाखाचं ऊन होडीवर पडलं. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या सुकतात, आक्रसतात, एकमेकींपासून सुटतात. तेल लावायला, फटी भरायला सील तोडावं लागलं असतं. ते तोडलं तर पुन्हा गुन्हा. मी एकदा गेले तेव्हा फळ्यांच्या फटीतून पलीकडचा समुद्र दिसत होता. मग पावसाळा आला आणि इंजिनानं गंज धरला. सील काढायचा कागद आला तेव्हा काढायला सील होतं, होडी उरली नव्हती. इस्माईल दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायला लागला. स्वतःच्या होडीवर ज्यानं चौघांना कामाला ठेवलं होतं, तो माणूस. त्याची माफी कुणी मागितली? कुणीही नाही. समितीच्या अहवालात मात्र रत्नागिरीचा प्रयोग यशस्वी लिहिला होता. तीन खात्यांनी प्रथमच एकत्र येऊन कारवाई केली, असं त्यात होतं. त्या अहवालाचं टंकलेखन मीच केलं, दात आवळून.

माझा भाचा हल्ली मला सांगतो, "आत्या, आता सगळी माहिती एका ठिकाणी जोडतात, यंत्रच ओळखतं कोण कसला आहे ते." मी त्याला फक्त विचारते, त्यात तो रकाना घातलाय का रे? त्याला कसला रकाना ते कळत नाही.

बाईंची बदली झाली, महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, जुन्या जनगणनेचे कागद सांभाळायला. जिनं यंत्राला विचार करायला शिकवलं तिला वाळवीवर लक्ष ठेवायला पाठवलं. निरोपसमारंभ नको म्हणून वरून तोंडी कळवलं होतं. आम्ही खाली मालकीणबाईंच्या ओटीवर चहा प्यायलो, तोच समारंभ. बाईंनी माझ्या डब्यातला बांगडा खाल्ला आणि म्हणाल्या, "आज मीठ बरोबर आहे."

त्याच आठवड्यात माझी भावजय मला म्हणाली, "ऐकलंस का गो, तुमच्या त्या शेट्येबाईंच्या राजापूरच्या घरावर नवी कौलं चढली ती म्हणे त्या ट्रॉलरवाल्याच्या पैशांनी." माझ्या अंगाची लाही झाली. ते घर बाईंच्या भावाचं, कौलं भावानं मुंबईत गिरणीत राबून घातलेली, आणि तीही आधीच्या वर्षी. दोन दिवसांनी शेजारणीनं तेच सांगितलं. मग रेशनच्या दुकानदारानं, साखर मोजता मोजता. तिघे. बाईंनी शिकवलेलं मी विसरले नव्हते. मी भावजयीला विचारलं, कोणी सांगितलान तुला? शेजारणीनं. शेजारणीला? रेशनवाल्यानं. आणि रेशनवाल्याला आमच्या कचेरीच्या जीपच्या ड्रायव्हरनं. ड्रायव्हरला मी जिन्यात गाठलं. त्यानं मान खाली घातली. "ताई, मी मनाचा काय नाय बोललो. गेल्या महिन्यात दिल्लीचे साहेब परत आलेले तेव्हा गाडीत मागे बसून बोलत होते, की त्या बाईला ट्रॉलरवाल्यानं खूश केलाय, नायतर ती कशाला धावेल. मी ऐकलं तेवढं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी बाई निघाल्या. आधी राजापूरला भावाकडे, तिथून पुढे. मी एसटी स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती, बाईंनी खिडकीची जागा धरली होती, मांडीवर छत्री आडवी. मी खिडकीपाशी उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. कौलं, पैसे, लोक काय बोलतात ते. माझे डोळे भरले होते. बाईंचे नाही.

"किती जणांनी सांगितलानी तुला?" त्यांनी विचारलं.

"तिघांनी. पण मी शोधून काढलं, बाई. तिघांचं मूळ एकच आहे. त्या माणसाचं नाव..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "एकच ना? मग एकच धर."

"बाई, नाव तरी ऐकून घ्या. लोक तुम्हाला काय म्हणतायत, आणि तो माणूस..."

"मी कधी कोणाचं नाव मागितलंय गो?" बाई म्हणाल्या. "एक की तीन, एवढंच कळायला हवं होतं. ते तू काढलंस. माझ्या हाताखाली एक तरी शिकली."

कंडक्टरनं घंटी दिली. नाव माझ्या जिभेवर आलेलं तिथेच राहिलं, ते आजही तिथेच आहे. इथे ते लिहिलेलं नाही ते बाईंनी नको म्हटलं म्हणून. माझ्या मनात त्या माणसाबद्दल जराही दयामाया नाही. गाडी वळून फाटकाकडे निघाली. बाईंच्या शेजारी बसलेली कुणी म्हातारी त्यांच्याकडे झुकून, हातवारे करून काहीतरी सांगत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढला.